तंबोऱ्याचा भोपळा आणि संगणकावरील वक्र रेषा

आमच्या संगीतवर्गातील तंबोरा अनेक माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणात असेल. त्याच्या षड्जावर कित्येक तुकड्यांनी आपला आवाज लावून घेतला. एका उन्हाळी सुट्टीनंतर खोली उघडली, तेव्हा त्याच्या भोपळ्याला पाठीमागून उभी चीर गेलेली आढळली. चीर बुजवण्याजोगी नव्हती. भोपळाच बदलावा लागणार होता. तबली, गळा आणि दांडी मात्र शाबूत होती. ती जुनी तबली टिकवायची, तर नव्या भोपळ्याची कड तिच्याशी तंतोतंत जुळायला हवी. ही कड आणि तिच्यामागचा संपूर्ण उभार संगणकावर रेखाटून कारागिरापुढे ठेवावा, असे आम्ही विद्यार्थी-शिक्षकांनी ठरवले. त्या कामात वक्र पृष्ठभागाविषयी जे समजले, ते येथे मांडत आहोत.

संगणकीय आरेखनाचे फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर विनामूल्य मिळते. त्यात ठोकळा, नळी, गोल हे आकार क्षणात उभे राहतात. कारण त्यांना दोन-तीन मापे पुरतात. भोपळ्याचे तसे नाही. प्रथम आम्हांला सोपी वाट सुचली. भोपळ्याची अर्धी बाह्यरेषा काढायची आणि ती मधल्या अक्षाभोवती फिरवायची. कुंभाराच्या चाकावर मडके आकाराला येते, तशीच ही रीत आहे. पडद्यावर सुबक आकृती उभी राहिली. पण ती आमच्या तंबोऱ्याची नव्हती. प्रत्यक्ष मोजले तेव्हा सर्वांत रुंद जागी भोपळा अक्षाच्या डावीकडे 20.6 सेंटीमीटर आणि उजवीकडे 19.4 सेंटीमीटर भरला. म्हणजे डाव्या बाजूवरून काढलेली आकृती उजवीकडे 12 मिलिमीटरनी खोटी होती. एवढ्या फटीवर तबली बसत नाही.

हा फरक म्हणजे दोष नव्हे. कडू भोपळा वेलावर वाढतो, साच्यात नव्हे. शिवाय वाळलेला भोपळा कापून, पाण्यात भिजवून, आतून खरवडून, त्यात काटक्यांचे आधार देऊन कारागीर त्याला हवा तसा फुगवटा देतात. निसर्गाची आणि हाताची अशी दुहेरी घडण त्यात असते. ती टिपायची तर अनेक छेद घ्यावे लागतात.

आम्ही तारा आणि घोडी उतरवली व तंबोरा फळीवर पालथा ठेवला. दांडीच्या दिशेला आडवे, दर 5 सेंटीमीटरला एक, असे 7 छेद ठरवले. प्रत्येक ठिकाणी जाड पुठ्ठा कापत कापत भोपळ्याच्या पाठीशी नेमका टेकेल असा केला. हे 7 पुठ्ठे आलेखकागदावर ठेवून त्यांच्या कडा आखल्या आणि त्या संगणकात उतरवल्या.

येथे दुसरी चूक झाली. जितके बिंदू अधिक तितकी रेषा अचूक, असे आम्ही गृहीत धरले. दर सेंटीमीटरला एक याप्रमाणे मधल्या छेदावर 80 हून अधिक बिंदू दिले. रेषा त्या सर्वांतून गेली खरी. पण पृष्ठभागावर सुरकुत्या पडल्या. पुठ्ठा कापताना मिलिमीटरभर इकडेतिकडे झालेली प्रत्येक चूक रेषेने प्रामाणिकपणे गिरवली होती. भोपळ्याबरोबर आमच्या हाताचा कंपही रेखाटला गेला होता.

यावरचा उपाय संगणकाहून जुना आहे. जहाजबांधणी करणारे लोक आराखडा काढताना लाकडाची लवचीक पट्टी वापरीत आणि मोजक्या जागी शिशाची वजने ठेवून तिला वाकवीत. वजनांच्या मधला बाक पट्टी स्वतःच्या ताठपणाने घेई, म्हणून तो आपोआप नितळ येई. या पट्टीचे इंग्रजी नाव ‘स्प्लाइन’. संगणकातील वक्र रेषेलाही तेच नाव मिळाले. पुढे फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत या कल्पनेला गणिताचे रूप आले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी 1959 मध्ये आणि रेनॉमध्ये पिएर बेझिए यांनी 1960 नंतरच्या दशकात हे काम केले. त्यांच्या रीतीत रेषा सगळ्या बिंदूंतून जात नाही. टोके सोडली तर मधले नियंत्रणबिंदू रेषेबाहेर राहून तिला आपल्याकडे ओढतात. एक बिंदू हलवला, तरी रेषा मोडत नाही. ती सावकाश झुकते.

मग आम्ही प्रत्येक छेदावर 80 ऐवजी 9 बिंदू ठेवले. वळण जेथे बदलते तेथे जवळजवळ आणि जेथे एकसारखे आहे तेथे दूरदूर. नंतर सातही छेदांवरून पृष्ठभाग ताणला. या क्रियेला ‘लॉफ्ट’ म्हणतात. नव्या आकृतीचे छेद कागदावर छापून पुठ्ठ्यांशी ताडून पाहिले, तेव्हा फरक कोठेही 2 मिलिमीटरहून अधिक निघाला नाही. थोडे बिंदू घेतल्याने आकृती खऱ्या भोपळ्याच्या अधिक जवळ गेली.

पुढचा प्रश्न भोपळा आणि लाकडी गळा यांच्या जोडाचा. दोन पृष्ठभाग तीन प्रकारे जोडता येतात. पहिल्यात कडा केवळ टेकतात. हाताला धार लागते. दुसऱ्यात दोन्हींची दिशा एक असते. धार जाते, पण बाक एकदम बदलतो. तिसऱ्यात बाकसुद्धा दोन्हीकडे सारखा असतो. रेल्वेचे रूळ सरळ मार्गावरून वळणावर जाताना हळूहळू वाकवलेले असतात, म्हणून प्रवाशाला हिसका बसत नाही. तिसरा जोड त्या जातीचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या जोडातील भेद पडद्यावर सहसा दिसत नाही. त्यासाठी पृष्ठभागावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रतिबिंब पाडून पाहण्याची सोय असते. पट्टी जोडापाशी तुटली तर कडा नुसत्या टेकल्या आहेत, कोन करून मोडली तर फक्त दिशा जुळली आहे आणि नितळ वाहत गेली तर बाकही जुळला आहे. आमच्या पट्ट्या तीन वेळा मोडल्या, चौथ्या वेळी वाहिल्या.

यानंतर उरली घोडी. तळहातावर मावणाऱ्या या तुकड्याची वरची बाजू सपाट दिसते, पण तारेच्या दिशेने तिला अतिशय मंद उतार असतो. तार कंप पावताना या उतारावर टेकत-सुटत राहते आणि तंबोऱ्याचा गुंजणारा स्वर उमटतो, हीच जवारी. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात या घोडीकडे लक्ष वेधले. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वराचा निस्पंद बिंदू असेल, तो उपस्वर नेहमीच्या नियमाने उमटू नये. या वाद्यांत मात्र तो स्पष्ट ऐकू येतो. हा उतार मिलिमीटरच्या लहानशा अंशाचा असतो. आमच्या पुठ्ठ्यांची चूकच 2 मिलिमीटरपर्यंत होती. म्हणून घोडीचा माथा आम्ही रेखाटला नाही. आराखड्यात ती जागा कोरी ठेवली.

छापलेले छेद, कडेचा पुठ्ठा आणि तंबोरा घेऊन आम्ही मिरजेला गेलो. सतार-तंबोऱ्याच्या या गावी भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. कारागिरांनी कडेचा पुठ्ठा एकेका वाळलेल्या भोपळ्यावर धरून पाहिला. नेमका जुळणारा एकही नव्हता. एक भोपळा सेंटीमीटरभर रुंद होता. तो त्यांनी भिजवला, आवळला, आतून काटक्या दिल्या आणि वाळेपर्यंत पुठ्ठ्याशी पुनःपुन्हा ताडला. जुनी तबली त्यावर बसली. घोडीसाठी त्यांनी आराखडा मागितला नाही. कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचे आणि पुन्हा कानस फिरवायची, असे त्यांचे चालले होते. आमच्याबरोबर आलेले विद्यार्थी एरवी पडद्यासमोरून उठत नाहीत. त्या दिवशी ते दोन तास त्या हातांकडे पाहत बसले.

आराखड्याने भोपळा घडवला नाही. तो कोठवर घडवायचा हे मात्र सांगितले. पुन्हा कधी चीर गेली तर मोजमाप नव्याने करावे लागणार नाही. सातही पुठ्ठे संगीतवर्गाच्या कपाटात जपून ठेवले आहेत. तंबोरा पूर्वीच्याच जागी आहे. माजी विद्यार्थी आणि पालक शाळेत येतील, तेव्हा त्यांनी तो अवश्य छेडून पाहावा आणि जोडावरून एकदा बोट फिरवावे.