मातीचा गोंगाट वजा केल्यावर

२६ सप्टेंबर १९८० रोजी ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, किंगोवर या खेड्याजवळ, केव्हिन हिलियर मेटल डिटेक्टर घेऊन फिरत होते. एका ठिकाणी यंत्राने जोरदार इशारा दिला. उकरायला सुरुवात केल्यावर जेमतेम फूटभर खाली सोने चमकले आणि आजूबाजूची माती बाजूला केल्यावर निघाले २७.२ किलो वजनाचे ढेकूळ. 'हँड ऑफ फेथ' या नावाने ते जगभर गाजले. लास व्हेगासमधल्या 'गोल्डन नगेट' कॅसिनोने ते दहा लाख डॉलरहून जास्त किंमत मोजून विकत घेतले. मेटल डिटेक्टरने सापडलेल्या सोन्याच्या ढेकळांत त्याच्याएवढे मोठे दुसरे नाही.

नवल वाटते ते या जागेचे. याच किंगोवरला १८५७ मध्ये 'ब्लँच बार्कली' हे सुमारे ५४ किलोचे ढेकूळ मिळाले होते. म्हणजे इथे सोने आहे हे सव्वाशे वर्षे सगळ्यांना ठाऊक होते. हजारो माणसांनी हा मुलूख कुदळ-फावड्याने उलथापालथा केला होता. तरीही २७ किलो सोने पायाखाली फूटभर खोलीवर पडून राहिले. असे का व्हावे?

व्हिक्टोरियात सोन्याची झुंबड उडाली १८५१ मध्ये. बॅलरॅट, बेंडिगो, कॅसलमेन, डनॉली या गावांभोवतीचा मुलूख 'सुवर्ण त्रिकोण' म्हणून ओळखला जाऊ लागला. राज्यातून आजवर सुमारे २,४०० टन सोने निघाले आहे. ५ फेब्रुवारी १८६९ रोजी मोलियागुलजवळ जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना 'वेलकम स्ट्रेंजर' मिळाले. झाडाच्या मुळांशी, मातीत जेमतेम तीन सेंटिमीटर खाली ते होते. डनॉलीत एवढे वजन पेलणारा काटाच नव्हता. ऐरणीवर त्याचे तुकडे करून मग ते तोलावे लागले. त्यातून सुमारे ७१ किलो शुद्ध सोने मिळाले.

त्या काळातल्या माणसांचा भरवसा नजरेवर, अंगमेहनतीवर आणि पाण्यावर होता. ओढ्याकाठी खड्डा घेत घेत खालच्या कठीण थरापर्यंत जायचे, तिथली वाळू-खडी वर काढायची आणि धुवायची. चिकट माती असली तर घोडा जुंपलेल्या गोल चरात ती घुसळायची. पण चिकणमातीचे गोळे नेहमीच पूर्ण विरघळत नसत. पोटातल्या सोन्यासकट ते बाहेरच्या ढिगाऱ्यावर फेकले जात. पाणी नसलेले उतार आणि दोन ओढ्यांमधली उंच जमीन तर बरीचशी तशीच राहून गेली. सोनाराच्या पेढीतला केर धुऊन झारेकरी त्यातून सोने काढतात; इथे तो केर शेकडो चौरस किलोमीटरांवर पसरला आहे.

मुळात हे सोने आले कुठून? फार पूर्वी इथे समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे खडक झाले, त्यांना घड्या पडल्या. सुमारे ४४ ते ३८ कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातले उष्ण पाणी त्यांच्या भेगांतून वर चढले. सोबत विरघळलेली सिलिका आणि अत्यल्प सोने होते. त्यातून पांढऱ्या गारगोटीच्या शिरा तयार झाल्या आणि सोने त्यांत अडकले. पण इतक्या विरळ द्रावणातून किलोकिलोंची ढेकळे कशी घडली, हे कोडे होते. मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२४ मध्ये 'नेचर जिओसायन्स'मध्ये त्याचे एक संभाव्य उत्तर मांडले. गारगोटीवर दाब पडला की तिच्यात विद्युत विभव निर्माण होतो. भूकंपाच्या धक्क्यांनी असे वारंवार घडले तर द्रावणातले सोने गारगोटीवर जमू शकते. प्रयोगशाळेत गारगोटीचे तुकडे सोन्याच्या द्रावणात ठेवून हलवले, तेव्हा ते तसे जमलेही. शिवाय नवे सोने आधीच्या सोन्याच्या कणांवर बसणे पसंत करत होते. एकदा सुरुवात झाली की ढेकूळ वाढतच जाते, ते असे.

पुढे ऊन, पाऊस आणि वाऱ्याने खडक झिजले. गारगोटीची घनता २.६५, सोन्याची १९.३. हलके वाहून गेले, जड जवळपासच्या मातीत रुतून बसले. त्याच झिजेने खडकातले लोहही मोकळे झाले, गंजले आणि लालसर मातीत सर्वत्र पसरले. सोन्याभोवती खरी तटबंदी उभी केली ती या लोहाने.

धातू न खणता शोधण्याची कल्पना जुनी आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात गोळी अडकली, तेव्हा ती हुडकायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय यंत्र बनवले होते. प्रयत्न फसला. पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी यंत्राला गोंधळात टाकले, हे त्याचे एक कारण. शोधायचा धातू एक आणि आजूबाजूला बोलणारे दुसरेच, ही अडचण तेव्हापासूनची आहे.

सोन्याच्या शोधात आज जी यंत्रे नावाजली जातात, त्यांतली बरीच 'पल्स इंडक्शन' तत्त्वावर चालतात. देवळाच्या किंवा मॉलच्या दारातल्या तपासणी चौकटींमागेही बहुधा हेच तत्त्व असते. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, विजेचा जोरदार पण क्षणिक झटका सोडतात आणि तो एकदम तोडतात. चुंबकीय क्षेत्र असे अचानक कोसळले की जवळच्या धातूत भोवरा प्रवाह उठतात. ते विरता विरता स्वतःचे क्षीण क्षेत्र निर्माण करतात आणि काही मायक्रोसेकंदांनी कॉइल ते टिपते. जाड, घट्ट तुकड्यातले प्रवाह जास्त वेळ टिकतात. पातळ पापुद्र्यातले किंवा जाळीदार सोन्यातले झटकन संपतात. कॉइलच्या आकाराच्या मानाने तुकडा बराच खोल असेल, तर खोली दुप्पट होताच इशारा ६४ पटींनी मंदावतो, कारण जाताना आणि येताना क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. छोटा तुकडा काही इंचांच्या पलीकडे ऐकू येत नाही, तो यामुळे.

मातीही गप्प बसत नाही. मॅघेमाइट नावाच्या लोह-खनिजाचे अतिसूक्ष्म कण, काही तर मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढे, तिच्यात विखुरलेले असतात. वणव्याच्या आचेनेही ते तयार होतात. झटका थांबल्यावर प्रत्येक कण आपापल्या वेळेला आपले चुंबकत्व सोडतो. त्या सगळ्यांचा मिळून येणारा इशारा धातूसारखाच भासतो आणि लहान तुकड्याचा आवाज त्यात बुडून जातो. आपल्या कोकणातल्या जांभ्यातही लोहाची खनिजे भरपूर असतात; अशा जमिनीवर साधा डिटेक्टर माणसाला हैराण करतो.

तोडगा निघाला तो या गोंगाटाचाच अभ्यास केल्यावर. असंख्य कणांचा एकत्रित इशारा काळाच्या व्यस्त प्रमाणात, ठरावीक रीतीने उतरतो. धातूच्या तुकड्याचा इशारा वेगळ्याच रीतीने उतरतो. मग कमी-जास्त लांबीचे झटके देऊन, वेगवेगळ्या क्षणी मोजमाप घेऊन मातीचा वाटा गणिताने वजा करता येतो. ॲडलेडच्या 'माइनलॅब' कंपनीतले भौतिकशास्त्रज्ञ ब्रूस कँडी यांनी अशी यंत्रे घडवली. १९९०च्या दशकाच्या मध्यात ती बाजारात आली आणि 'इथले संपले' म्हणून सोडलेल्या जागांतून पुन्हा सोने निघू लागले.

तरी यंत्र सोन्याचे नाव घेत नाही. ते फक्त धातू आहे एवढेच सांगते. शोधणारा आधी कॉइल जमिनीवर वर-खाली करून यंत्राला तिथल्या मातीची ओळख करून देतो. मग हेडफोनमधली संथ गुणगुण ऐकत, पावलापावलाने कॉइल फिरवतो. गुणगुण जराशी उचलली तरी थांबतो. कुदळीला चिकटवलेले लोहचुंबक खड्ड्यात फिरवले की बहुतेक वेळा बुटाचा खिळा किंवा तारेचा तुकडा वर येतो. चुंबकाला काहीच चिकटले नाही आणि आवाज कायम राहिला, तर उकरलेली माती प्लास्टिकच्या डावात घेऊन कॉइलवरून नेतात, अर्धी टाकतात, पुन्हा नेतात. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते. तिच्यात कधी शिशाचा छर्रा असतो, कधी तांदळाच्या दाण्याएवढे सोने.

हा छंद व्हिक्टोरियात परवान्यानेच करता येतो. त्याला 'मायनर्स राइट' म्हणतात. जाचक शुल्काविरुद्ध १८५४ मध्ये बॅलरॅटला युरेकाचा उठाव झाला. त्यानंतर १८५५ मध्ये हा हक्क आला. आजचा परवाना दहा वर्षे चालतो. फक्त हाताची अवजारे वापरायची, खणलेला खड्डा बुजवायचा, बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत जायचे नाही. हे नियम मनापासून पाळायला हवेत. माती घुसळण्याचे ते गोल चर, जुन्या झोपड्यांची जोती, फेकलेली बटणे म्हणजे न लिहिलेला इतिहास आहे. वस्तू जागेवरून हलली की तिची निम्मी माहिती गेली. आणि किंगोवरभोवतीची ही भूमी झुंबडीच्या कितीतरी आधीपासून जा जा वुरुंग या मूळ रहिवाशांची आहे. सोन्यापायी उलथ्यापालथ्या झालेल्या आपल्या प्रदेशाचे घाव ते आजही भरून काढत आहेत.

मातीचा आवाज वजा करण्याची ही विद्या सोन्यापुरती राहिली नाही. लोहयुक्त लाल माती असलेल्या अनेक देशांत भूसुरुंग पुरलेले आहेत आणि त्यांतल्या काहींत धातू असतो तो नखाएवढा. सोन्याचा कण ओळखायला शिकलेल्या तंत्राचे डिटेक्टर आता सुरुंग काढणाऱ्या पथकांच्या हातात आहेत. शेतात निर्धास्तपणे नांगर धरता यावा, मुलांना शाळेच्या वाटेवर भीती वाटू नये, यासाठी ते राबतात. व्हिक्टोरियाच्या मातीतून निघालेले सर्वात मोलाचे धन मला हेच ज्ञान वाटते.