रात्रीचा मोबाइल : झोपेला जड, हवेलाही जड

गेल्या महिन्यात पंचेचाळिशीचे एक दुकानदार दवाखान्यात आले. रक्तदाब १६०/१००. गोळ्या नियमित, मीठही बेताचे, तरी दाब उतरेना. "झोपता किती वाजता?" असे विचारताच ते घुटमळले. उत्तर पत्नीने दिले, "डॉक्टर, रात्री एक वाजेपर्यंत हातात मोबाइल असतो. सकाळी कोणी काही बोलले की अंगावर धावून येतात!"

अंधार पडला की मेंदूतील पिनिअल ग्रंथीतून मेलॅटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते व शरीराला झोपेची सूचना मिळते. डोळ्यांसमोरचा निळसर प्रकाश हा स्राव कमी करतो. शिवाय एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो, त्यामुळे थांबायचे कुठे हेच कळत नाही. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत उतरतो. झोपच अपुरी झाली तर हृदयाला ही विश्रांती मिळत नाही. चिडचिड, विसराळूपणा, अवेळी खाणे हे त्याचेच सोबती.

या जागरणाची झळ घराबाहेरही लागते. मोबाइलला स्वतःला वीज थोडीच लागते. रोज चार्ज केला तरी वर्षाकाठी दहा युनिटच्या आत. पण ते व्हिडिओ साठवणारी डेटा सेंटर, म्हणजे संगणकांची मोठी कोठारे, नवी मुंबईसारख्या ठिकाणी रात्रंदिवस चालतात. ती थंड ठेवायलाही वीज लागते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे दीड टक्का वीज अशा केंद्रांनी वापरली. आपल्याकडील बहुतांश वीज अजून कोळशाची. त्याच्या धुराबरोबर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, उष्मा वाढतो आणि उकाड्याच्या रात्री पुन्हा झोपच उडते.

एकट्याने व्हिडिओ पाहिल्याने होणारे प्रदूषण अल्प असते, हे खरे. मोबाइलच्या बाबतीत अधिक प्रदूषण तो तयार करतानाच होते. म्हणून चालता मोबाइल टाकून दरवर्षी नवा घेण्याचा मोह टाळावा.

वाचकांनी एवढे जरूर करावे :

१. झोपण्यापूर्वी एक तास मोबाइल बंद. चार्जिंग झोपण्याच्या खोलीबाहेर.
२. व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. गाणी ऐकायची असतील तर रेडिओ लावावा.
३. एक वर्षाखालील बाळाला मोबाइल दाखवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे.
४. बिघडलेला मोबाइल दुरुस्त करून वापरावा. निकामी झालेला कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रात द्यावा.

आमच्या दुकानदारांचा मोबाइल आता रात्री दहाला स्वयंपाकघरातील फडताळात जातो. महिन्याभराने दाब १४०/९० भरला. गोळ्या अर्थातच चालू आहेत; त्या कोणीही आपल्या मनाने बंद करू नयेत. पत्नी मात्र म्हणाल्या, "दाबाचे तुम्ही बघा डॉक्टर, घरातला आवाज खाली आला!"