अब्बांचं मंदावणं रक्तात दिसतं का?

घरातल्या बुजुर्गांचं बोलणं संथ झालं, पावलं घासत पडू लागली, पेन्शनचा हिशेब जमेनासा झाला की आपण म्हणतो, "आता वय झालं." बल्लारपुरात पेपर मिल नाहीतर कोळसा खाणीत पाळ्या करून थकलेल्यांच्या घरांत हे वाक्य नेहमीचं. नमाजमध्ये रकात विसरणं हे काही आजाराचं लक्षण नव्हे. ते कुणाचंही होतं, म्हणून तर सजदा-ए-सहव आहे. पण चाल, हिशेब, लघवीवरचा ताबा आणि स्वभाव हे सगळं मिळून बिघडत असेल, तर वयावर ढकलून भागत नाही.

मेंदूच्या खोल भागात अगदी बारीक रक्तवाहिन्या असतात. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला राहिला की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, रक्त कमी पोचतं आणि आतली वायरिंग झिजते. मोठा लकवा येतोच असं नाही. लहान लहान झटके येऊन जातात आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. अल्झायमरमध्ये बहुधा आधी आठवण जाते, इथे आधी वेग जातो. नातवाचं नाव आठवतं, पण अगोदर काय करायचं आणि नंतर काय, याचा मेळ बसत नाही.

मग हे रक्ततपासणीत कळेल का? थोडंफार. मज्जातंतूच्या आतल्या सांगाड्यात न्यूरोफिलामेंट नावाचं प्रथिन असतं. तंतू तुटला की त्याचा अंश रक्तात उतरतो. बारीक रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या शंभरावर रुग्णांचा लंडनमधला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ज्यांच्या रक्तात हे प्रथिन जास्त, त्यांना पुढे डिमेंशियाचा धोका जास्त दिसला. पण नंतर बुद्धी घसरत गेली तरी रक्तातला आकडा फारसा हलला नाही. शिवाय वय वाढलं, मूत्रपिंड कमजोर झालं, तरी तो वाढतो. त्यामुळे एकट्या अब्बांचा रिपोर्ट हातात घेऊन काय समजायचं, हे आज कुणी ठामपणे सांगू शकत नाही. अमेरिकेत मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या रक्तचाचणीचा बराच बोलबाला झाला, पण ती अल्झायमरसाठी आहे, या आजारासाठी नव्हे. या आजाराचं चित्र अजून एमआरआयवरच दिसतं.

म्हणून महागडं पॅकेज घेऊन रक्त मुंबईला पाठवण्याआधी साध्या तपासण्या कराव्यात, असं आमचं मत आहे: रक्तदाब, साखर, बी-१२ आणि थायरॉइड. शेवटच्या दोन्हींच्या कमतरतेनेही माणूस मंदावतो, आणि ती गोळ्या-इंजेक्शनांनी भरून काढता येते.

रक्तदाबाचा प्रश्न आपल्या भागात किती मोठा आहे, ते शेजारच्या गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेतले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये अहवाल आला: दर सातातला एक मृत्यू लकव्याने, इतर कुठल्याही कारणापेक्षा जास्त. त्यातले बहुतेक घरीच गेले.

रक्तदाब उतरवल्याने बुद्धीला फायदा होतो का, तेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या ९ हजारांवर लोकांच्या अभ्यासात (२०१९) वरचा आकडा १२० खाली आणायचं लक्ष्य असलेल्या गटात बुद्धी सौम्य प्रमाणात मंदावण्याचं प्रमाण १४० च्या गटापेक्षा १९ टक्के कमी निघालं. पूर्ण डिमेंशियाबाबत फरक सिद्ध झाला नाही. किती उतरवायचा हे डॉक्टरच ठरवतील, कारण फार उतरला तर म्हातारं माणूस चक्कर येऊन पडतं.

खर्रा सुटायला हवा, हे अब्बांना सांगणं अवघड. चंद्रपूर जिल्ह्यात तो सांगणाऱ्याच्याही खिशात असतो! लोणचं-पापड कमी करणं मात्र अम्मीच्या हातात आहे. आणि "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी बंद करू नये. रोजे धरायचे असतील तर गोळ्यांची वेळ सेहरी-इफ्तारला कशी बसवायची, हे शाबानमध्येच डॉक्टरांना विचारून घ्यावं.