ठिपक्यांची ओळ वाकडी दिसते तेव्हा

सनदला राहायला येऊन आम्हाला आता बरीच वर्षं झाली. एका बाजूला ईसा टाउन, दुसऱ्या बाजूला तुबलीची खाडी आणि तिच्या काठची तिवरं. माहेर कोकणातलं असलेल्या आमच्या आईने (आमच्यापैकी एकाची आई, दुसऱ्याच्या सासूबाई) ही तिवरं पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती म्हणाली, "अगं बाई, हे तर आपलं कोकणच! फक्त डोंगर काढून घेतलेत." तेव्हापासून दर हिवाळ्यात पुण्याहून आली की तिची संध्याकाळची फेरी त्याच बाजूला.

आई ६९ वर्षांची, वजन ४६ किलो. साखरेचा आजार बारा वर्षांपासून. दर शुक्रवारी आम्ही पुण्याला फोन करायचो आणि ठरलेला प्रश्न विचारायचो, "आई, साखर किती?" तिकडून ठरलेलं उत्तर यायचं, "बरी आहे हो. तुमचं काय चाललंय?" आम्ही सुटकेचा श्वास टाकून नातवंडांच्या हातात फोन द्यायचो. मंडळी, परदेशात राहणाऱ्या मुलांची कर्तव्यबुद्धी बऱ्याचदा या एका प्रश्नात संपते. आमचीही संपत होती.

मग गेल्या दिवाळीत रांगोळी आडवी आली.

आईची रांगोळी ठिपक्यांची. उदबत्तीने भोकं पाडलेला जुना कागद ती पुण्याहून बॅगेत घेऊन येते. कागद फरशीवर ठेवायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलायचा, की खाली ठिपके तयार. त्या दिवशी कागद उचलल्यावर ती कुरकुरली, "कागद सरकला वाटतं. मधली ओळ वाकडी आली." आम्ही वाकून पाहिलं. ओळ अगदी सरळ होती. तिने कागद पुन्हा ठेवला, पुन्हा उचलला. "बघा, परत वाकडी." आमची धाकटी सरळ बोलून गेली, "आजी, सरळ आहे गं!" आजी गप्प झाली.

नंतर कळलं की हे असं सहा महिन्यांपासून चाललं होतं. डाव्या डोळ्याने पाहिलं की दाराची चौकट मध्ये वाकायची, पेपरातली अक्षरं मधोमध पुसट व्हायची. "चष्म्याचा नंबर वाढला असेल" म्हणून तिने कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांची तपासणी शेवटची कधी? चार वर्षांपूर्वी. का नाही केली? "दिसतंय की सगळं!"

दिवाळीच्या आठवड्यातच आम्ही तिला इथल्या एका दवाखान्यात नेलं. तिथून पुढे आम्ही जे पाहिलं, वाचलं आणि विचारून घेतलं ते इथे मांडतो आहोत. वैद्यकीय सल्ला देण्याचा आमचा अधिकार नाही. पण गेल्या काही दशकांत वैद्यक, प्रकाशशास्त्र आणि पदार्थविज्ञान या तीन वेगळ्या वाटांनी आलेली शास्त्रं एका बारीक म्हातारीच्या सेवेला कशी हजर झाली, हे पाहण्यासारखं आहे.

आधी डोळ्याचं बघू. आईला एका यंत्रासमोर हनुवटी टेकवून बसवलं. ना सुई, ना स्पर्श. काही सेकंदांत पडद्यावर तिच्या दृष्टिपटलाचा उभा छेद उमटला. पत्रीच्या पापुद्र्यांसारखे थर, आणि मध्यभागी, जिथे नजर सगळ्यात तीक्ष्ण असते तिथे, थरांमध्ये पाण्याचे काळे कप्पे. पडदा तिथे फुगून उचलला गेला होता. सरळ ओळ वाकडी दिसण्याचं कारण हेच. भिंतीला ओल येऊन पोपडा धरावा, तसं.

या तपासणीला ओसीटी म्हणतात. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो ते मोजून आतलं चित्र काढतात. इथे आवाजाऐवजी प्रकाश. पण अडचण अशी की प्रकाश सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, आणि दृष्टिपटलाची सगळी मिळून जाडी मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या अंतराचा प्रतिध्वनी कुठलं घड्याळ मोजणार? म्हणून युक्ती केली. किरणाचे दोन भाग करायचे. एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा ठरावीक अंतरावरच्या आरशावर. परत आल्यावर दोन्ही एकत्र आणायचे. दोघांनी सारखंच अंतर कापलं असेल तरच त्यांच्या लहरी एकमेकींत मिसळून खूण उमटते. त्या खुणेवरून कुठला थर किती खोल आहे ते कळतं. डेव्हिड हुआंग, एरिक स्वॉन्सन, जेम्स फुजिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र १९९१ मध्ये प्रसिद्ध केलं, आणि या तिघांना २०२३ चं लास्कर पारितोषिक मिळालं.

चित्र मिळालं. उपाय? पूर्वी लेसरने डाग देणं हाच मुख्य मार्ग होता. त्याने नजर टिकायची, पण सुधारायची क्वचित. साखरेने बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या की दृष्टिपटलाला प्राणवायू कमी पडतो आणि ते एक प्रथिन सोडून नव्या वाहिन्या मागवतं. व्हीईजीएफ हे त्या प्रथिनाचं नाव. १९८९ मध्ये नेपोलिओन फेरारा आणि सहकाऱ्यांनी ते वेगळं काढलं. या प्रथिनामुळे वाहिन्या गळू लागतात. त्याला अडवणारी औषधं आता सुईने थेट डोळ्यात देतात. साखरेमुळे येणाऱ्या या सुजेसाठी अमेरिकेत पहिल्या अशा औषधाला २०१२ मध्ये परवानगी मिळाली. २०२२ मध्ये फॅरिसिमॅब आलं. ते दोन प्रथिनांना अडवतं, आणि काही रुग्णांमध्ये दोन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवता येतं.

"डोळ्यात सुई" हे ऐकून आमचेच पाय लटपटले. आई मात्र थेंब टाकून डोळा बधिर झाल्यावर म्हणाली, "दाढ काढण्यापेक्षा बरं." पहिलं इंजेक्शन इथे झालं, पुढची पुण्यात.

दुसरी गोष्ट साखर मोजण्याची. आमच्या पिढीला आजोबांची परीक्षानळी आठवत असेल. निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. हिरवं झालं तर ठीक, विटकरी झालं तर आजीचा आरडाओरडा. मग बोट टोचून रक्ताचा थेंब घेणारी यंत्रं आली. आता आईच्या दंडावर नाण्याएवढी चकती बसली. तिच्याखाली केसासारखा धागा कातडीत जेमतेम पाच मिलिमीटर आत. चौदा दिवस दर काही मिनिटांनी तो साखरेचा आकडा फोनवर पाठवतो.

या धाग्यात पदार्थविज्ञानाची खरी करामत आहे. त्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं, जे मुख्यतः एका काळ्या बुरशीपासून मिळवतात. ते साखरेच्या कणाकडून इलेक्ट्रॉन काढून घेतं. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी अशा विकराचा विद्युतअग्र १९६२ मध्येच सुचवला होता. पण विकराचा कामाचा भाग प्रथिनाच्या घडीत खोल दडलेला. तिथला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेपर्यंत आणायचा कसा? टेक्सासच्या ॲडम हेलर यांनी ऑस्मियम धातूचे अणू जोडलेलं एक बहुवारिक बनवलं. विहिरीतून माणसांची साखळी करून घागरी हातोहात वर द्याव्यात, तसे त्या अणूंवरून इलेक्ट्रॉन पुढे सरकतात. या कल्पनेवर उभा राहिलेला फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर युरोपात २०१४ मध्ये आला. एक लक्षात ठेवायचं: तो रक्त मोजत नाही, पेशींमधलं पाणी मोजतो. म्हणून त्याचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे चालतो.

आमच्या घरी या चकतीने दोन धडे दिले. पहिला आकड्यांचा. पुण्याचे अहवाल मिलिग्रॅममध्ये, आम्हाला इथे मिळतात ते मिलिमोलमध्ये. पहिल्या दिवशी फोनवर ९.८ दिसलं आणि आई खूश. "दहासुद्धा नाही!" म्हणून तिने एक जिलबी उचलली. आम्ही १८ ने गुणेपर्यंत जिलबी संपली होती. ९.८ म्हणजे पुण्याच्या भाषेत १७६! दोन देशांत औषधपाणी करणाऱ्यांनी हा १८ चा गुणाकार फ्रिजवर लिहून ठेवावा. दुसरा धडा एकादशीचा. साबुदाण्याची खिचडी खाल्ल्यावर तासाभरात आलेख १४ वर, म्हणजे २५२. "देवाचं खाल्लं तरी वाढते?" आई थक्क झाली. संध्याकाळी तिवरांच्या बाजूला अर्धा तास चालून आली तर रेघ उतरलेली. चाळीस व्याख्यानांनी जे झालं नसतं ते त्या रेघेने केलं.

हल्ली सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळं आणि अंगठ्या विकायला येतात. आमच्या एका मित्राने हौसेने एक घेतलं. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट बजावलं की असं एकही घड्याळ वा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. कारण सोपं आहे. रक्तात साखर साधारण हजारात एक भाग, बाकी पाणी, चरबी, प्रथिनं. या गर्दीत प्रकाशाने तिचा आवाज ओळखणं कठीण. संशोधन चालू आहे. आपल्या सी. व्ही. रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेल्या परिणामाचा आधार घेऊन एमआयटी आणि सॅमसंगच्या संशोधकांनी २०२० मध्ये डुकरांच्या कातडीतून साखरेची थेट खूण टिपल्याचं प्रसिद्ध केलं. पण प्रयोगशाळेतलं यश आणि मनगटावरचं घड्याळ यांत अजून अंतर आहे. अशा आकड्यावर गोळी किंवा इन्सुलिन कमी-जास्त करणं जिवावर बेतू शकतं.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात जास्त लागली, आणि ती पुण्याचीच निघाली. ४६ किलोच्या बाईला साखर होतेच कशी? पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आयुष्यभर हाच प्रश्न विचारत आले. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा त्यांच्या चमूने पाठपुरावा केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपली बाळं हाडामांसाने बारीक असली तरी कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे 'बारीक पण चरबीयुक्त' हा साचा जन्मापासूनच. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के!

तो फोटो आम्ही दोघांनी पाहिला आणि एकमेकांकडे पाहिलं. "आपण कुठे जाडे आहोत?" हे आमचं आजवरचं कवच. इथलं आयुष्य घर ते गाडी, गाडी ते ऑफिस, उन्हाळ्यात बाहेर पाऊल नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी रक्त तपासलं. एकाचा आकडा उंबरठ्यावर निघाला. कुणाचा ते विचारू नका, पण आता तिवरांची फेरी आम्हीही चुकवत नाही.

असो. आईचं पुढे काय? तीन इंजेक्शनांनंतरच्या ओसीटीत पाण्याचे कप्पे बरेच आटलेले दिसले. पेपरातली बातमी ती पुन्हा वाचते. पण डाव्या डोळ्याची नजर पूर्ण परत आलेली नाही. डॉक्टर म्हणाले, सूज जितके दिवस राहते तितकं काही कायमचं जातं. ते सहा महिने कुठलंच यंत्र परत देऊ शकत नाही. आणि हा आजार सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, "दिसतंय की सगळं" असंच वाटतं. म्हणून दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान झाल्याबरोबर आणि नंतर साधारण दरवर्षी, थेंब टाकून किंवा फोटो काढून डोळ्याचा पडदा तपासायचा असतो. चष्म्याच्या दुकानातला नंबर म्हणजे ती तपासणी नव्हे.

वाचकहो, शास्त्रज्ञांनी मिलिमीटरच्या शंभराव्या भागातलं पाणी दाखवायची सोय केली आहे. पण माणसाला त्या यंत्रासमोर बसवायचं काम त्यांचं नाही, आपलं आहे. आमचा शुक्रवारचा फोन अजून चालू आहे, प्रश्न मात्र बदलला. "साखर किती?" असं आता आम्ही नुसतं विचारत नाही. "पडदा कधी तपासला? कागद समोर धर, तारीख वाच," असं सांगतो. आई आधी चिडते, मग चष्मा शोधते आणि तारीख वाचते. वाचताना ती डोळा कुठला झाकते, तेही आम्ही फोनच्या पडद्यावर बघून घेतो.

रांगोळीचा तो भोकांचा कागद यंदा ती सनदलाच ठेवून गेली आहे. "दरवर्षी न्यायचा-आणायचा कशाला?" म्हणाली. पुढच्या दिवाळीला धाकटी कागद धरणार आहे, आणि ओळ सरळ आली की वाकडी, ते आजीने सांगायचं आहे.