खुर्ची कोणाची? रात्रीचा सूत्रसंचालक आणि त्याचे वारस

मागच्या व्याख्यानात आपण अधिकार कुठून येतो याविषयी बोलत होतो. राजा, आचार्य, न्यायाधीश अशी भारदस्त उदाहरणं घेतली होती. आजचं उदाहरण तुम्हांला जरा हलकं वाटेल. अमेरिकेतला रात्रीचा गप्पांचा कार्यक्रम, त्याचा म्हातारा होत चाललेला सूत्रसंचालक, आणि त्याच्यानंतर कोण यावर भांडणारे चाहते. हलकं वाटलं तरी चालेल. ज्या वादात कोणाच्या पोटापाण्याचा प्रश्न नसतो तिथे माणसं आपली तत्त्वं मोकळेपणानं बोलून दाखवतात, म्हणून असे वाद आम्हांला अभ्यासाला बरे पडतात.

आधी थोडी ओळख. ‘द टुनाइट शो’ हा कार्यक्रम एनबीसी या वाहिनीवर सप्टेंबर १९५४ मध्ये सुरू झाला. स्टीव्ह अॅलन, मग जॅक पार, आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून जॉनी कार्सन. कार्सन त्या खुर्चीवर जवळजवळ तीस वर्षं बसले. साचा साधाच. सुरुवातीला उभ्यानं दिवसभराच्या बातम्यांवर विनोद, मग टेबलामागे बसायचं, शेजारी पाहुणे, एका बाजूला वादकांचा ताफा. वेळ रात्री साडेअकराच्या सुमाराची, गावोगावच्या स्थानिक बातम्या संपल्या की लगेच. ही वेळ लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे. दिवे मालवण्याआधी घरात येणारा तो शेवटचा माणूस. एक अख्खी पिढी त्याच्या बोलण्यावर हसत हसत झोपी गेली.

मे १९९१ मध्ये कार्सन यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जाहीर केलं की आणखी एक वर्ष, मग बस्स. आणि वाद सुरू झाला. उमेदवार दोन. डेव्हिड लेटरमन आणि जे लेनो. दोघेही लॉस एंजेलिसच्या ‘कॉमेडी स्टोअर’मध्ये सत्तरच्या दशकात तयार झालेले, एकमेकांचे चाहतेच म्हणा ना.

आता चाहत्यांची भाषा ऐका. ‘आम्हांला लेनो जास्त आवडतो’ असं कोणी म्हटलं तर वाद होत नाही. आवड ती आवड. पण लेटरमनचे चाहते तसं म्हणत नव्हते. ते म्हणत होते, ‘ती खुर्ची लेटरमनचीच होती.’ हे वाक्य आवडीचं नाही, ते न्यायाचं आहे. आणि न्यायाच्या वाक्यातही दोन वेगळे अर्थ एकमेकांत मिसळलेले असतात. अमेरिकन तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९६३ च्या एका निबंधात ते नीट वेगळे केले. एक असते पात्रता, दुसरा असतो हक्क. शर्यतीत जो आधी पोचला त्याचा बक्षिसावर हक्क. पण जो सगळ्यांत चांगला धावपटू होता आणि शेवटच्या वळणावर घसरून पडला, त्याची पात्रता जात नाही. हक्क नियमांतून येतो. पात्रता माणसाच्या गुणांतून आणि कष्टांतून येते, ती नियमांच्या आधीची आहे.

लेटरमन यांचा हक्क नव्हता. कसलाही करार नव्हता. मग चाहत्यांना इतकी खात्री कशाची होती?

इथे आपल्याला माक्स वेबर लागतात. वेबर यांच्या मृत्यूनंतर, १९२२ मध्ये, ‘अर्थव्यवस्था आणि समाज’ हा त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचा प्रश्न असा आहे: एखाद्याचा अधिकार केवळ त्याच्या व्यक्तिमत्त्वावर, करिष्म्यावर उभा असेल, तर तो माणूस गेल्यावर काय? वेबर सहा वाटा सांगतात. लक्षणं पाहून नवा माणूस शोधायचा, जसा दलाई लामा शोधतात. कौल लावायचा. मूळ पुरुषानं स्वतः कोणाला तरी नेमायचं. भोवतालच्या कारभाऱ्यांनी नेमायचं आणि अनुयायांनी मान्यता द्यायची. रक्ताच्या नात्यात वारसा न्यायचा. किंवा विधी करून तो एकाकडून दुसऱ्याकडे सोपवायचा. चौथ्या वाटेतली मेख अशी की वेबर यांच्या लेखी ती अनुयायांची मान्यता म्हणजे निवडणुकीतलं मतदान नव्हे. अनुयायी खऱ्या वारसाला ओळखतात, आणि ओळखणं हे त्यांचं कर्तव्य असतं. निवडणुकीत चूक होत नाही, ज्याला जास्त मतं तो निवडून आला. ओळखण्यात मात्र चूक होऊ शकते, आणि म्हणूनच भांडण होतं.

आता चाहत्यांकडे परत या. ते मत देत नव्हते, लक्षणं वाचत होते. १९८० च्या नव्या करारात कार्सन यांना आपल्या कार्यक्रमानंतरच्या वेळेवरही ताबा मिळाला होता, आणि तिथे फेब्रुवारी १९८२ पासून लेटरमन यांचा ‘लेट नाइट’ सुरू झाला. निर्मिती कार्सन यांच्याच कंपनीची. म्हणजे मूळ पुरुषानं स्वतः आपल्या ओसरीवर बसवलेला माणूस. दुसऱ्या बाजूला लेनोही काही उपरे नव्हते. १९८७ पासून कार्सन रजेवर असले की त्याच खुर्चीवर, त्याच टेबलामागे लेनो बसत. एकाला शेजारची खोली दिलेली, दुसऱ्याला धन्याच्या गैरहजेरीत घराची किल्ली. कोणतं लक्षण खरं? आम्हांला विचाराल तर दोन्ही लक्षणं सारखीच बोलकी होती, आणि कार्सन यांनी जाहीरपणे कोणालाच वारस नेमलं नाही. मूळ पुरुष गप्प बसला की कारभाऱ्यांचं फावतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही संस्थेत पाहायला मिळेल. विद्यापीठात विभागप्रमुख निवृत्त होताना काय चालतं ते इथे बसलेल्या काही मंडळींना चांगलंच माहीत आहे.

कारभाऱ्यांनी, म्हणजे एनबीसीनं, जून १९९१ मध्ये लेनो यांचं नाव जाहीर केलं. २२ मे १९९२ ला कार्सन यांचा शेवटचा कार्यक्रम झाला आणि २५ मे पासून लेनो आले. पुढे लेटरमन यांना सीबीएस वाहिनीचं बोलावणं आलं तेव्हा एनबीसीत पुन्हा चलबिचल झाली. अधिकारी दूरध्वनीवर या दोघांची तुलना करत होते आणि लेनो एका लहानशा खोलीत लपून ती चर्चा ऐकत होते. हे त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं आहे. जानेवारी १९९३ मध्ये लेटरमन सीबीएसकडे गेले.

जाताना एक गंमत झाली. एनबीसीचं म्हणणं पडलं की कार्यक्रमातल्या काही कल्पना ही वाहिनीची मालमत्ता आहे. लेटरमन यांच्याकडे लॅरी बड मेलमन नावाचं एक विनोदी पात्र असे, कॅल्व्हर्ट डिफॉरेस्ट हे नट ते करत. सीबीएसवर डिफॉरेस्ट आले ते स्वतःच्या खऱ्या नावानं. माणूस बरोबर आला, नाव मागे राहिलं! मालकी कशाकशाची असू शकते, आणि चाहते ज्याला ‘तो कार्यक्रम’ म्हणतात त्याचा किती भाग त्या मालकीत बसतो, याचं इतकं सोपं उदाहरण आम्हांला वर्गात कधी मिळालं नव्हतं.

मग आकड्यांचं काय? ऑगस्ट १९९३ पासून दोघे समोरासमोर आले. आधी लेटरमन पुढे होते. जुलै १९९५ मध्ये अभिनेता ह्यू ग्रँट अटकेनंतर लेनो यांच्याकडे आला, ती मुलाखत गाजली आणि पारडं फिरलं. त्यानंतर बहुतेक वर्षं लेनोच पुढे राहिले. हा वाद ‘जास्त लोकांना कोण हवा’ असा असता, तर इथे मिटायला हवा होता. मिटला नाही. लेटरमन यांच्या चाहत्यांनी आकडे नाकारले नाहीत, फक्त त्यांना त्या प्रश्नाचं उत्तर मानलं नाही. काही लोक याला हटवादीपणा म्हणतील. आम्हांला ते सुसंगत वाटतं. जास्त खप असलेला दागिना म्हणजे शुद्ध सोनं, असं सराफही म्हणत नाही.

आणि त्यांच्या बाजूनं एक गोष्ट घडलीही. निवृत्तीनंतर कार्सन लेनो यांच्या कार्यक्रमात एकदाही आले नाहीत. लेटरमन यांच्याकडे मात्र मे १९९४ मध्ये आले, त्यांच्या खुर्चीवर बसले, टाळ्या थांबेनात, आणि एक शब्द न बोलता उठून गेले. जानेवारी २००५ मध्ये कार्सन वारले. निवृत्तीच्या काळात ते अधूनमधून लेटरमन यांना विनोद लिहून पाठवत. लेटरमन यांनी त्यांच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या कार्यक्रमात सुरुवातीचं सगळं निवेदन कार्सन यांनी पाठवलेल्या विनोदांचंच केलं, आणि ते झाल्यावरच ते कोणाचे होते हे सांगितलं. वेबर यांची सहावी वाट आठवा. विधी झाला, पण भलत्याच वाहिनीवर.

आता दुसरा वाद. इथे पात्रतेबरोबर हक्कही होता, म्हणून तो जास्त बोचरा. २००४ मध्ये एनबीसीनं जाहीर केलं की पाच वर्षांनी लेनो जातील आणि कोनन ओब्रायन येतील. कोनन १ जून २००९ ला आले. पण लेनो गेलेच नाहीत, सप्टेंबरपासून त्यांना रोज रात्री दहाची वेळ दिली. त्या कार्यक्रमाला प्रेक्षक कमी पडले, त्यामुळे अकराच्या स्थानिक बातम्यांचेही घटले, आणि स्थानिक केंद्रांचा तर धंदाच त्या बातम्यांच्या जाहिरातींवर. ती केंद्रं बिथरली. जानेवारी २०१० मध्ये वाहिनीनं तोडगा काढला: लेनो ११:३५ ला अर्धा तास, आणि ‘टुनाइट शो’ १२:०५ ला.

कोनन यांच्या करारात वेळेची हमी नव्हती. म्हणजे कायद्यानं वाहिनीनं त्यांचं काही काढून घेतलं नव्हतं. कोनन यांनी जाहीर निवेदन काढलं, त्याचा मुद्दा असा की मध्यरात्र उलटल्यावर दाखवलेला तो ‘टुनाइट शो’ उरतच नाही. आम्हांला इथे नागसेन आणि मिलिंद राजाचा रथ आठवतो. चाक म्हणजे रथ का? नाही. आस? नाही. जू? नाही. या कार्यक्रमाची खुर्ची चार माणसांनी बदलली होती, तो १९७२ मध्ये न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेला होता, १९८० मध्ये दीड तासाचा एक तासाचा झाला होता. तरी तो तोच होता. मग अर्धा तास सरकवल्यानं काय बिघडलं?

आमच्या मते कोनन बरोबर होते. नागसेन म्हणतात, भागांची रचना असते तिला आपण रथ हे नाव देतो. इथली रचना टेबल-खुर्चीची नव्हती. स्थानिक बातम्या संपतात, घर आवरलेलं असतं, आणि त्या क्षणी कोणीतरी येतो, अशी ती रचना होती. तिथे दुसरा कोणी आधी आला की नाव तेच राहतं, जागा जाते. हे वाहिनीच्या वकिलांना दिसणं शक्य नव्हतं, कारण त्यांच्या कागदावर फक्त नाव होतं. चाहत्यांना ते लगेच दिसलं. ते पावसात लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर कोनन यांच्या बाजूनं उभे राहिले. २२ जानेवारी २०१० ला कोनन गेले, नुकसानभरपाई घेऊन. त्या शेवटच्या रात्री त्यांनी तरुण प्रेक्षकांना कडवट होऊ नका असं विनवलं. १ मार्चला लेनो परतले.

चाहत्यांची बाजू घेताना एक सांगायला हवं. पैसे दिलेले नाहीत, करारावर सही नाही, तरी तीस वर्षं रोज रात्री पाहण्यातून आपल्यालाही काही बोलायचा अधिकार येतो, असं त्यांना वाटतं. तो अधिकार मालकीचा नाही, हे खरंच आहे. पण साक्षीदाराचा आहे. खुर्ची कोणाला द्यायची हे साक्षीदार ठरवत नाही. काय दिलं जातंय हे मात्र त्यालाच ठाऊक असतं.

याच्या पुढचा टप्पा अगदी अलीकडचा. लेटरमन मे २०१५ मध्ये निवृत्त झाले. त्यांनी निवृत्ती जाहीर केल्यावर आठवड्याभरात स्टीव्हन कोलबेर यांचं नाव जाहीर झालं होतं, फारशी कुरकुर न होता. आणि जुलै २०२५ मध्ये सीबीएसनं सांगितलं की ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद होईल. कोलबेर यांच्या जागी कोणीही येणार नाही, कार्यक्रमच संपेल. कारण आर्थिक, असं वाहिनी म्हणाली. अवघे काही दिवस आधी कोलबेर यांनी वाहिनीच्या मूळ कंपनीनं राष्ट्राध्यक्षांशी केलेल्या तडजोडीवर कडक टीका केली होती, त्यामुळे पुष्कळांना ते कारण पटलं नाही. वेबर यांच्या सहा वाटांत ही वाट नाही. या वेळी भांडायला दोन नावंच नव्हती. चाहत्यांनी विचारलं ते एवढंच, की खुर्ची का उचलली. प्रश्नोत्तरांत कोणाला यावर बोलायचं असेल तर हात वर करा, ध्वनिक्षेपक मागच्या रांगेत आहे.