बाणाचं पीस: टेप लावू की ग्लू?

ज्यांचं अर्ध्या एपिसोडमध्ये नेट गेलं त्यांच्यासाठी हे लिखित रूप. यात थोडी आकडेमोड आहे, आणि ती कानाने ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेली बरी.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीत वर्ल्ड चॅम्पियन झाले. त्यानंतर माझ्या ओळखीतल्या निदान चार जणांनी धनुष्य हातात घेतलंय. त्यातल्या दोघांनी साधं, पारंपरिक धनुष्य घेतलं, आणि दोघांचा मला एकच मेसेज: "अरे, पिसं उखडली. डबल टेपने लावू की ग्लूने?"

आधी थोडक्यात, पिसं करतात काय? बाणाच्या मागच्या बाजूला तीन पिसं असतात, एकमेकांपासून १२० अंशांवर. मागे हवेचा रोध वाढला की शेपूट सरळ राहतं. पिसं जराशी तिरकी लावली तर बाण स्वतःभोवती फिरतो आणि आणखी स्थिर जातो. कंपाउंडवाले बहुतेक छोटी, ताठ प्लास्टिकची पाती वापरतात, कारण त्यांच्याकडे बाण टेकायला वेगळा रेस्ट असतो. आपल्या साध्या धनुष्यात बाण लाकडावरून किंवा थेट मुठीवरून घासत जातो. प्लास्टिक तिथे आपटून बाणाला ढकलतं, पीस मात्र दबून निघून जातं. म्हणून इथे अजूनही पीसच, बहुतेक वेळा टर्कीचं. (एका बाणावर तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डावं-उजवं मिसळायचं नाही.)

आता मुद्द्यावर. ग्लूची खरी अडचण वेळ आहे. एक डझन बाण म्हणजे ३६ पिसं. पीस सरळ धरून ठेवणारं यंत्र, म्हणजे जिग, आपल्याकडे एकच असतं आणि त्याला चिमटाही एकच. साधा पिसांचा ग्लू पकडायला दहा मिनिटं धरा. ३६ गुणिले दहा, सहा तास! आमच्या भाषेत हा सिंगल थ्रेड आहे, तुम्ही कितीही घाई करा, रांग पुढे सरकत नाही. टेपचं काम कसं होतं? पिसाच्या कण्याच्या सपाट बाजूला बारीक डबल टेप लावायची, वरचा कागद सोलायचा, जिगमधून शाफ्टवर दाबायचं, पुढचं पीस घ्यायचं. मिनिटाला एक पीस बसतं, म्हणजे जेवणाआधी सगळा डझन तयार.

यावर लोक म्हणतात, "टेप म्हणजे जुगाड. बाण एवढ्या जोरात सुटतो, टेप टिकणार कशी?" चला, मोजून बघू.

समजा बाण सेकंदाला ५० मीटर वेगाने सुटतो, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. हा वेग त्याला दोरीच्या साधारण अर्ध्या मीटरच्या प्रवासात मिळतो. नववीचं सूत्र आठवा: वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट. २५०० भागिले १. म्हणजे सरासरी त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २५० पट. ऐकायला भयंकर वाटतं ना? पण चार इंची पिसाचं वजन जेमतेम ०.२ ग्रॅम असतं. त्याच्या २५० पट म्हणजे ५० ग्रॅम. एक मध्यम लिंबू! सुरुवातीला झटका सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून दोन लिंबं धरा. दहा सेंटिमीटर लांबीची टेप दोन लिंबं आरामात पेलते.

मग टेपने लावलेली पिसं निघतात का? कारण जोर किती यापेक्षा तो कोणत्या दिशेने येतो हे महत्त्वाचं आहे. तुमच्या मोबाइलची टेम्पर्ड ग्लास घ्या. ती बाजूला सरकवून बघा, हलणार नाही. तीच नखाने एका कोपऱ्यातून उचला, सगळी निघून येते. सरकवताना जोर पूर्ण चिकटलेल्या जागेवर वाटला जातो. सोलताना तो एका बारीक रेषेवर येतो, ती रेषा सुटली की पुढची, मग त्याच्या पुढची. बाण सुटताना पीस मागे सरकायला बघतं, हा सरकवण्याचा जोर, त्याचं टेपला काही वाटत नाही. पण पिसाचं पुढचं टोक मुठीला घासतं, धनुष्याच्या लाकडाला घासतं, बाण खोल घुसला तर टार्गेटच्या फोमला किंवा गवताला अडतं. तिथे सोलण्याचा जोर येतो, आणि तिथेच टेप हरते.

हे फक्त पीस वाया जाण्यापुरतं असतं तर मी एवढं बोललो नसतो. कण्याचं पुढचं टोक टोकदार असतं. ते शाफ्टवरून एक-दोन मिलिमीटर उचललं गेलं आणि तुम्ही मुठीवरून बाण सोडत असाल, तर ती १८० च्या वेगाने जाणारी सुई आहे. ती तर्जनीच्या मुळाशी घुसते आणि आत तुटते. आमच्या मैदानावर एका मित्राचं बोट असं झालेलं मी बघितलंय. डॉक्टरांनी चिरून तुकडा काढला, आणि तो बरेच दिवस कीबोर्डवर एका हाताने टाइप करत होता. म्हणून पुढच्या टोकाला फक्त टेप? अजिबात नाही.

माझं उत्तर असं: लांबीला टेप, दोन्ही टोकांना ग्लूचा एकेक थेंब. पुढच्या टोकावर थेंब असा की शाफ्टपासून कण्यापर्यंत छोटा उतार तयार व्हावा, बोट मागे फिरवलं तर कुठे अडकू नये. टेप पीस सरळ धरते, थेंब सोलणं सुरूच होऊ देत नाही. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह तिरंदाजांची ती वळणदार, पातळ प्लास्टिकची पाती बघितलीत? तीही डबल टेपनेच लावतात, आणि वर पुढे-मागे बारीक टेपचा वेढा देतात. सगळ्यात जुना पुरावा हवा असेल तर आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेला ओत्झी घ्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा माणूस. त्याच्या भात्यात १४ बाण होते, त्यातले दोनच पूर्ण झालेले. त्यांची पिसं बर्च झाडाच्या डांबराने चिकटवलेली होती आणि वरून बारीक दोऱ्याने गुंडाळलेली. त्यालाही नुसत्या चिकटवण्यावर भरवसा नव्हता.

थेंबाला कोणता ग्लू? घरचा पांढरा फेविकॉल कार्बनच्या शाफ्टवर नको. त्यातलं पाणी शोषलं गेलं तरच तो धरतो, आणि कार्बन काही शोषत नाही. फेविक्विक चालतो, थेंबाएवढाच, जेल प्रकार मिळाला तर उत्तम, कारण पातळ द्रव कण्यात झिरपून पीस कडक करतो. हे रसायन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, त्यामुळे पावसाळ्यात ते आणखी लवकर पकडतं. (१९४२ मध्ये कोडॅकमध्ये हॅरी कूवर बंदुकीच्या साइटसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होता. हे सापडलं, पण सगळ्यालाच चिकटतंय म्हणून बाजूला ठेवलं!)

टेप लावण्याआधी शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग त्या जागेला बोट लावू नका. कण्यावर नखाने पूर्ण लांबीभर दाबा. टेपचा चिकट थर हळूहळू पसरून घट्ट बसतो, म्हणून आज लावलेले बाण उद्या वापरलेत तर जास्त चांगलं. आणि मे महिन्यात बाण गाडीच्या डिकीत ठेवू नका. थर मऊ पडतो, पिसं सरकतात, आणि मग बाण कुठे जातो हे तुमच्यासारखंच मलाही सांगता येणार नाही.

टेप काढताना कार्बनवर कटर चालवायचा नाही. एक धागा कापला गेला तरी शाफ्ट कमजोर होतो, आणि तो सुटताना फुटला तर हातातच फुटतो. हेअर ड्रायरची कोमट हवा, अंगठा आणि अल्कोहोल, एवढ्यात निघते.

पूर्ण ग्लूच वापरायचा असेल तर? पावसात, चिखलात खेळणार असाल, किंवा लाकडी बाण वर्षभर टिकवायचे असतील तर खुशाल वापरा, सहा तास द्या. पण रविवारी सकाळी सराव आहे आणि शनिवारी रात्री नऊला कळलं की पाच पिसं गायब आहेत, तर टेप काढा, थेंब टाका, झोपा. सकाळी प्रत्येक बाणाच्या पुढच्या टोकावरून एकदा बोट फिरवा. जिथे अडकेल तो बाण त्या दिवशी बाहेर.

पुढच्या वेळी नॉकबद्दल बोलू, दोरीत अडकणाऱ्या त्या छोट्या खाचेबद्दल. तोपर्यंत तुमच्या पिसांचे फोटो पाठवत राहा. भेटू!