खून कुणी केला, ते सांगू नका!

पुणेकर वाचकांचे दोन प्रकार आहेत. एक, रहस्यकथा वाचून तसे सांगणारे. दुसरे, रहस्यकथा वाचून ते न सांगणारे. दुसऱ्यांची संख्या फार मोठी! माझ्या लहानपणी पेठेतल्या वाचनालयात अशी मंडळी रोज दिसत. हातात एखादे जाडजूड चरित्र आणि त्याच्या पोटात दडवलेली पातळशी रहस्यकथा. चरित्र महिनाभर बदलले जात नसे, रहस्यकथा मात्र दररोज बदलली जाई. वाचनालयाचे काका सगळे जाणून होते, पण वहीत नोंद करताना त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नसे.

या वाचकांचे आपसात एक अलिखित नियमपुस्तक होते. पहिले कलम : शेवट सांगायचा नाही. ते मोडणारे महाभाग अर्थातच होते. पहिल्याच पानावर पेन्सिलीने 'खुनी : डॉक्टर' असे लिहून ठेवायचे आणि पुस्तक परत करायचे. काकांनी त्यासाठी टेबलावर खोडरबर ठेवले होते. पण खरा उपाय एका अज्ञात वाचकाने शोधला. तो त्या नावाखाली आणखी दोन नावे लिहून जाई, आणि मेलेले रहस्य पुन्हा जिवंत होई.

बँकेत लागल्यावर कळले, की हा रोग तिथेही आहे. किंबहुना बँकेचे कामच त्या जातीचे. तेव्हा शाखेत संगणक नव्हता. लेजरमधल्या शिलकांची बेरीज जुळली नाही, की 'फरक' शोधता शोधता रात्र व्हायची. त्याचीही सूत्रे ठरलेली. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर आकड्यांची अदलाबदल झालेली असू शकते. ५४ चे ४५ लिहिले, की फरक ९ चा. फरक सम असेल, तर त्याच्या निम्मी रक्कम शोधायची, कारण नावेची नोंद कदाचित जमेत पडली असेल. आणि वर्षानुवर्षे रजाच न घेणाऱ्या कारकुनाचे कौतुक करण्याआधी त्याचे लेजर दुसऱ्याच्या हाती द्यायचे. गुन्हा उघडकीला येतो तो पाठलागाने नव्हे, एका न जुळणाऱ्या आकड्याने, हे मी कादंबरी लिहू लागण्यापूर्वी तिथे शिकलो.

जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले, की दोन पक्ष पडत. वयस्कर मंडळी बाबूराव अर्नाळकरांची. मुंबईत चष्म्याचे दुकान चालवणाऱ्या या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड ही नावे उच्चारली, तरी आमच्या हेडकॅशियरच्या डोळ्यांत शाळकरी चमक येई. अर्नाळकर १९९६ साली गेले. तरुणांचा पक्ष सुहास शिरवळकरांचा. ते तर पुण्याचेच. दारा बुलंद, फिरोझ इराणी, मंदार पटवर्धन आणि वकील अमर विश्वास यांच्यात श्रेष्ठ कोण, यावर पोळीभाजी गार होईपर्यंत वाद चाले. शिरवळकर २००३ साली गेले. २०१३ मध्ये 'दुनियादारी'वर चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव कळले. पण दारा बुलंदचे वाचक तिथे कधीचेच बसलेले होते. गुरुनाथ नाईकांचे भक्त वेगळेच. एका आठवड्यात त्यांच्या किती कथा वाचल्या, हाच त्यांचा हिशेब. आणि आम्हा सगळ्यांची मुंज लावली ती भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने. फुरसुंगीचा हा काटकुळा पोरगा सायकलवरून पुण्यात चोरांचा माग काढायचा, आणि आम्ही तोंडाने 'ट्टॉक' करत त्याच्या मागे धावायचो.

या गप्पांत एक नाव मात्र क्वचितच निघे, आणि ते निघायला हवे होते. बंगालीतला सर्वांत लाडका गुप्तहेर ब्योमकेश बक्षी. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय १९३८ साली बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईला आले आणि १९५२ मध्ये चित्रपटसृष्टीचा नाद सोडून पुण्यात स्थायिक झाले. ब्योमकेशचा जन्म १९३२ चा, पण मध्ये सुमारे पंधरा वर्षे तो गप्प होता. तो पुन्हा बोलता झाला आणि त्याच्या निम्म्याहून अधिक कथा लेखक पुण्यात असतानाच्या आहेत. सत्यजित राय यांनी १९६७ साली पडद्यावर आणलेली 'चिडियाखाना' त्यांतलीच. एक कथा तर आपल्या महाबळेश्वरात घडते. १९९३ मध्ये बासू चॅटर्जींची मालिका दूरदर्शनवर आली, तेव्हा घरोघरी ती पाहिली गेली. पण कलकत्त्याचे ते गल्लीबोळ पुण्यात बसून लिहिले गेले, हे पाहणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवत नाही, 'सत्यान्वेषी' म्हणवतो. हा शब्द मला फार मोलाचा वाटतो.

का, ते सांगतो. माझी आजी रहस्यकथेचे शेवटचे पान आधी वाचायची. आम्ही चिडवले, की म्हणायची, "अरे, शेवट ठाऊक असला, की जिवाला घोर लागत नाही." १९७६ च्या हिवाळ्यात मला त्या वाक्याचा अर्थ उमगला. तेव्हा मी कॉलेजात होतो. ऑक्टोबर अखेरीस जोशी कुटुंबातले तिघे आणि १ डिसेंबरला अभ्यंकरांच्या घरचे मोलकरणीसह पाच जण घरातच मारले गेले. दिवेलागणीलाच पुण्याची दारे बंद होऊ लागली. आजीने कपाटातल्या रहस्यकथा मागच्या फळीवर ढकलल्या. मारेकरी कोण, कशासाठी, काहीच कळत नव्हते. त्या गोष्टीला शेवटचे पानच नव्हते. मार्च १९७७ मध्ये उलगडा झाला, तोवर बळींची संख्या दहावर गेली होती, आणि मारेकरी निघाले ते शहरातलेच कॉलेजकुमार. १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली.

त्यानंतर काही महिन्यांनी आजीने त्या फळीवरचे एक पुस्तक काढले. खुनाच्या गोष्टी सज्जन माणसे का वाचतात, या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर मला तिथे मिळाले. खुनाची गोडी म्हणून कुणी त्या वाचत नाही. कुणीतरी सत्य शोधून काढील, हा दिलासा हवा असतो. वर्तमानपत्र तो रोज देऊ शकत नाही. दीडशे पानांची गोष्ट देते.

म्हणूनच एक काळजी वाटते. ही पुस्तके स्वस्त कागदावर छापलेली. कित्येक ग्रंथालयांनी ती वाचायला दिली, जपली मात्र नाहीत. समीक्षकांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिले नाही. आता पाने हात लावताच तुटतात, आणि घरे पुनर्विकासाला निघाली, की माळ्यावरची पोती थेट रद्दीत जातात. साहित्य म्हणून त्यांची किंमत काय, हा वाद पुढेही करता येईल. पण मराठी माणसाला वाचनाची चटक ज्यांनी लावली, ती पुस्तकेच उरली नाहीत, तर वाद तरी कशावर करायचा?

तेव्हा वाचकहो, रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा माळ्यावर चढा. एखादा अर्नाळकर, एखादा शिरवळकर सापडला, तर धूळ झटका आणि घरातल्या एखाद्या नातवंडाच्या हाती द्या. देण्याआधी शेवटचे पान शाबूत आहे ना, तेवढे पाहा. आणि खून कुणी केला, ते मात्र सांगू नका.